वाड्यातलं गरम पाणी: आधी घराला विचारा, मग दुकानदाराला

दिवाळी उलटली की आमच्या पेठेत एक प्रश्न फिरायला लागतो. "कुठला गीझर घेऊ?" मी पंचवीस वर्षं कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काढली, त्यामुळे हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. जिन्यात, मंडईत, अगदी गणपतीच्या रांगेतसुद्धा. विचारणाऱ्याने मोबाइलवर दोन-तीन मॉडेलं आधीच बघून ठेवलेली असतात आणि मी त्यातल्या एकावर बोट ठेवावं एवढीच अपेक्षा असते. मी उलट विचारतो, मोरीला खिडकी आहे का? मीटरवर लोड किती मंजूर आहे? भिंत विटेची की कुडाची? बहुतेकांचा चेहरा पडतो. आपण गीझर विचारायला आलो आणि हा माणूस घराची जन्मपत्रिका मागतोय, असा भाव असतो.

पण जुन्या घरात खरी अडचण ही जन्मपत्रिकाच असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वर्तमानपत्रातली जाहिरात पुरते. त्याच्याकडे स्लॅब आहे, अर्थिंग आहे, १६ अँपियरचा पॉइंट बिल्डरने देऊन ठेवलाय. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठेतल्या वाड्यात यातलं काही गृहीत धरता येत नाही. आणि म्हणून जिथे नवी सोय करणं सगळ्यात अवघड, तिथेच सगळ्यात धोक्याचं उपकरण जाऊन बसतं. मी गॅस गीझरबद्दल बोलतोय. दर हिवाळ्यात राज्याच्या कुठल्या तरी गावातून बातमी येते, बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू. आपण हळहळतो आणि पान उलटतो. ही पोस्ट त्या बातमीच्या आधीची आहे असं समजा.

जरा मागे जाऊ. वाडा बांधला गेला तेव्हा त्याला गरम पाण्याची सोय नव्हती असं नाही. बंब होता. तांबट आळीत ठोकून घडवलेला तांब्याचा बंब, मधोमध उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी. इंजिनियरच्या नजरेने बघाल तर फार शहाणं यंत्र आहे ते. जाळ पाण्याच्या पोटातून जातो, त्यामुळे उष्णता बाजूला फुकट जात नाही, आणि वरून थंड पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर येतं. चिपाडं, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या, सुताराकडचा भुसा, जे मिळेल ते त्यात खपायचं. घंगाळात कढत पाणी, वर विसण, झाली आंघोळ. पण बंबाची खरी अक्कल तांब्यात नव्हती, जागेत होती. तो चौकात असे, परसात असे, नाही तर न्हाणीच्या बाहेर पडवीत. धूर आभाळात जायचा. न्हाणीसुद्धा अर्धी उघडीच, वर कौलांच्या फटी, दाराला खालून चार बोटं जागा.

मग कुटुंबं वाढली, वाटण्या झाल्या, एकेका बिऱ्हाडाला स्वतःची मोरी हवी झाली. ते योग्यच होतं. सकाळी सहा वाजता सामायिक न्हाणीसमोर टॉवेल खांद्यावर टाकून उभं राहण्यात काही वैभव नव्हतं, आठवणींचे उमाळे काढणाऱ्यांनी काहीही लिहू दे. पण या नव्या मोऱ्या निघाल्या कुठे? जिन्याखाली, दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, सोप्याचा एक खण अडवून. चार फूट बाय पाच फूट, उंची सात. खिडकी कुठे काढणार, पलीकडे शेजाऱ्याची खोली. भिंतींना टाइल्स, फायबरचं घट्ट दार. आणि अशा डबीत आपण गॅसची शेगडी टांगली. कारण गॅस गीझर म्हणजे दुसरं काही नाही, भिंतीवर टांगलेली दणदणीत शेगडी आहे.

आता आकडे बघा. हे मी कुठल्या रिपोर्टातून उचललेले नाहीत, शाळेतल्या पदार्थविज्ञानाने कुणालाही काढता येतील. मिनिटाला सहा लिटर पाणी आंघोळीपुरतं गरम करणारा गॅस गीझर दहा मिनिटांत साधारण १६० ग्रॅम एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे त्या दहा मिनिटांत जवळपास दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपला. आणि आपली चार बाय पाच बाय सातची मोरी किती? चार घनमीटर. एका माणसाच्या आंघोळीत अर्ध्या मोरीची हवा गेली. दाराच्या फटीतून थोडी येते म्हणून निभावतं. पण हिवाळ्यात गार वारा नको म्हणून फटीला कापड लावलं जातं, आणि बाहेरचा माणूस बाहेर पडल्या पडल्या आतल्या गरम वाफेत पुढचा शिरतो, "वाफ आहे तोवर उरकून घे." दुसऱ्याच्या वेळी गीझरला प्राणवायू पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

याला रंग नाही, वास नाही. लोक मला सांगतात, "गॅस लीक झाला तर वास येईलच की." तो वास सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळाल्यानंतर तो उरत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं, पित्त झालं असेल, उपाशीपोटी आंघोळीला आलो. दार उघडावं हे सुचेपर्यंत हात उचलत नाही. आतून कडी असते. बाहेरच्यांना नळाचा आवाज येत राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

एवढं असून लोक गॅस गीझर का घेतात? मूर्ख आहेत म्हणून नाही. वाड्यातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. वीस लिटरची बादली, नळाचं पाणी २० अंश, आंघोळीचं ४२. एवढं पाणी तापवायला अर्धा युनिट वीज लागते. युनिट दहा रुपये धरलं तर बादली पाच रुपयांना. गॅसवर तीच बादली ५० ग्रॅममध्ये होते. सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला तर सव्वातीन रुपये. चौघांच्या घरात महिन्याला दोनशे-सव्वादोनशे रुपये वाचतात. छोटी रक्कम नाही, पण खरं कारण तेही नाही. गॅस गीझरला वायरिंग बदलावं लागत नाही, लोड वाढवावा लागत नाही, मालकाला विचारावं लागत नाही, आणि उद्या वाडा पाडायचा झाला तर दोन स्क्रू काढून पिशवीत घालून नेता येतो. वाट बघत असलेल्या घराचं ते उपकरण आहे.

आणि पेठेतली निम्मी घरं वाटच बघत आहेत. "बिल्डरशी बोलणी चालू आहेत, दोन वर्षांत काम सुरू होईल." हे वाक्य मी माझ्या ओळखीच्या एका वाड्यात पंधरा वर्षं ऐकतोय. तेवढ्यात तिथली तीन मुलं शाळेत जाऊन, शिकून, लग्नं होऊन बाहेर पडली. दोन वर्षांत पडणाऱ्या घराला नवी वायर कोण घालणार? म्हणून कुणीच घालत नाही, आणि दोन वर्षं काही संपत नाहीत. माझं म्हणणं असं की ज्या घरात तुम्ही आज झोपता, ते घर उद्या पडणार असलं तरी आज रात्रीपुरतं सुरक्षित असायला हवं. रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होवो. वायर काढून नवीन घरात नेता येत नाही हे मान्य, पण आरसीसीबी आणि गीझर नेता येतो, आणि माणसंही.

तर मग घ्यायचं काय?

माझं उत्तर कुणाला फार चमकदार वाटणार नाही. एका बिऱ्हाडापुरती सोय करायची असेल तर साधा १५ किंवा २५ लिटरचा विजेचा टाकीवाला गीझर, दोन किलोवॉटचा, बीईईचे तारे जास्त असलेला. इन्स्टंट नको. तीन किलोवॉटचा इन्स्टंट १३ अँपियर खेचतो. वाड्यातल्या लाकडी पट्टीवरून गेलेल्या, दिव्यापंख्याच्या हिशेबाने टाकलेल्या जुन्या तारेला तो झेपत नाही. तार आतून तापते, वरचं रबर कडक होऊन तडकतं, आणि ही तार कुठून जाते? सागवानी तुळईला चिकटून, कडीपाटाखालून. पावणेदोनशे वर्षांचं वाळलेलं लाकूड आहे ते. दोन किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपियर घेतो आणि २० ते २५ मिनिटांत १५ लिटर पाणी ६० अंशाला नेतो. विसण घातलं की एका तापवणीत दीड बादली निघते. घाई थोडी सोडायची, बस.

पण गीझरच्या आधी तार. मीटरपासून थेट मोरीपर्यंत गीझरसाठी स्वतंत्र, तांब्याची, चार चौरस मिलिमीटरची. स्वतंत्र एमसीबी. आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून लोक ईएलसीबी म्हणतात. ओल्या माणसाच्या अंगातून वीज जायला लागली की हा क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी तसं करत नाही, तो तारेला वाचवतो, माणसाला नाही. हा फरक माझ्या ओळखीच्या अर्ध्या वायरमननासुद्धा सांगावा लागतो. अर्थिंग तपासून घ्या. वाड्यात तिसरी पिन बहुधा कुठेच जोडलेली नसते, किंवा नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला जोडलेली असते. तो पाइप मधे कधीतरी बदलून प्लॅस्टिकचा झाला आणि अर्थिंग हवेत लटकलं. चौकात एक खड्डा घेऊन नीट अर्थिंग केलं तर सगळ्या बिऱ्हाडांचं काम होतं. या सगळ्याचा खर्च गीझरच्या किमतीइतका, कधी जास्तही येतो. तिथेच लोक अडतात. तरी मी म्हणेन, पैसे कमी असतील तर गीझर साधा घ्या, तार चांगली घ्या.

बादलीत सोडायचा हीटर, तो रॉड, त्याबद्दल काय लिहू? स्वस्तातला आहे, आणि स्वयंपाकघरातल्या एक्सटेंशनवर तो चालतो. पाणी तापलं का म्हणून बोट बुडवून बघायची सवय असलेल्या घरात तो नको, एवढंच सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. भरलेला २५ लिटरचा गीझर ३५ किलोच्या आसपास जातो. वाड्याची भिंत खाली दगड, वर माती-चुन्यात बसवलेली जुनी वीट, आणि आतल्या आडभिंती कित्येकदा नुसत्या कुडाच्या. ड्रिल मारून फास्टनर ठोकला की भोकातून मातीच येते. गीझर बसवणारा पोरगा त्यात सिमेंट कोंबतो आणि "बसला काका" म्हणून निघून जातो. अशा भिंतीला आरपार बोल्ट आणि दोन्हीकडून लोखंडी पट्टी लागते, नाही तर जमिनीवर उभा राहणारा अँगलचा स्टँड. सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणारं पाणी नळीने थेट मोरीच्या भोकात सोडा. ते भिंतीवरून ओघळू दिलं तर दोन वर्षांत तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं, आणि तुळई नेहमी तिथूनच जाते, जिथे दिसत नाही. पाणी मातीच्या भिंतीचं काय करतं हे पुण्याला कुणी शिकवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले वाडे कसे बसत गेले, हे घरोघर सांगितलं गेलंय.

सोलरबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात, कारण "फुकट पाणी". सोलर वॉटर हीटर ही उत्तम वस्तू आहे. मी सोसायट्यांना आग्रहाने सांगतो. वाड्याला सांगत नाही. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो पाणी, वर टाकी, नळ्या, स्टँड, सगळं तीनशेच्या घरात जातं. शिवाय तिला पाणी देणारी गार पाण्याची टाकी त्याहून उंच हवी. हे सगळं कौलांवर कुठे ठेवणार? वासे आणि पट्ट्या कौलांचं ओझं आणि पाऊस झेलायला केलेल्या असतात. वर माणूस चढला तरी चार कौलं फुटतात, आणि सोलरच्या नळ्या पुसायला महिन्याला माणूस चढावा लागतो. एका वाड्यात हौसेने कौलं काढून तेवढ्याच भागावर पत्रा आणि अँगल टाकलेला मी बघितला. सोलर चाललं छान. पत्रा आणि कौलाच्या सांध्यातून पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत आलं. ज्यांच्या वाड्यात नंतर बांधलेला एखादा आरसीसीचा तुकडा आहे, मागच्या बाजूला संडास-बाथरूमवर स्लॅब आहे, त्यांनी इंजिनियरला दाखवून जरूर विचार करावा. पावसाळ्यात जोडीला वीज लागणारच हे धरून.

इथे सरकारी धोरणाचा विषय येतो. नव्या इमारतींना सोलर बसवायला लावणारे नियम २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल, गांडूळखत असं काही केलं तर मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते. केंद्राची २०२४ ची सूर्यघर योजना छतावरच्या वीजनिर्मितीला तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपये देते. सगळं चांगलं. पण प्रत्येक योजनेच्या मुळाशी एक स्लॅब आहे, आणि तो स्लॅब ज्याच्या हक्काचा आहे असा एक मालक आहे. कौलारू वाड्यात चाळीस वर्षं राहणाऱ्या भाडेकरूकडे दोन्ही नाही. त्याने विजेची बचत कितीही केली तरी त्याची दखल घेणारा रकाना कुठल्या अर्जात नाही.

मला स्वतःला ज्या यंत्राबद्दल आशा वाटते ते हीट पंप. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तसंच हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकतं. विजेचं एक युनिट खर्चून तीन युनिटांएवढं पाणी तापवतं. हवा जितकी गार तितकी ताकद कमी होते, पण आपली जानेवारीची पहाट म्हणजे आठ-दहा अंश, तेवढ्यात ते मजेत चालतं. धूर नाही, ज्योत नाही, छप्पर नको. टाकी जड असते, पण ती वर चढवायचीच नसते. जमिनीवर, चौकात, दगडी फरशीवर ठेवायची. म्हणजे पुन्हा बंबाच्याच जागी! वाडा बांधणाऱ्यांनी ती जागा बरोबर शोधली होती.

फक्त पैशाचा हिशेब प्रामाणिकपणे करू. चौघांच्या घराला दिवसाला चार बादल्या, म्हणजे दोन युनिट. हीट पंपावर ते पाऊण युनिटाच्या आत येतं. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर वर्षाला वाचतात सुमारे चार हजार रुपये. यंत्र लाखाला पडलं असं धरा, पंचवीस वर्षं लागतील वसूल व्हायला, तेवढी त्याची आयुर्मर्यादाही नाही. एकट्या बिऱ्हाडाने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण तेच सहा बिऱ्हाडांनी मिळून केलं तर? चोवीस बादल्या, बारा युनिटांचं काम चार युनिटांत, वर्षाला चोवीस हजारांची बचत. तीनशे लिटरची टाकी पुरते. यात टाकीतून निसटणारी उष्णता आणि माडीवर पाणी चढवणाऱ्या छोट्या पंपाची वीज मी धरलेली नाही, ती धरून थोडं कमी करा. तरी पाच-सहा वर्षांत पैसे फिटतात.

सहा बिऱ्हाडांनी मिळून, हे शब्द वाचून काही जण हसले असतील. हसा. जिथे जिन्यातल्या दिव्याचं बिल कुणी भरायचं यावर दहा वर्षं अबोला असतो, तिथे हीट पंपाचं वीजबिल कोण वाटणार? पहिल्या मजल्यावरचे पाव्हणे आले म्हणून आमचं पाणी संपलं, ही भांडणं मला आत्ताच ऐकू येतायत. त्याला उपाय आहे, प्रत्येक बिऱ्हाडाच्या नळीवर पाण्याचं छोटं मीटर. ते महाग नसतं. महाग असतं ते एका सतरंजीवर सहा घरांनी बसणं.

खोली गरम करण्याबद्दल फार लिहीत नाही, पुण्यात त्याची गरज दीड महिन्याची. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तेल भरलेला रेडिएटर ठेवा, त्यालाही वेगळा पॉइंट द्या. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. तिथेही तोच विषारी वायू आहे.

आता मालक आणि भाडेकरू. मी भाडेकरूंच्या बाजूने बोलतो असं मालक मंडळी म्हणतात. ठीक आहे, पण त्यांची बाजूही मला दिसते. महिना पन्नास रुपये भाडं घेणाऱ्या माणसाने सहा बिऱ्हाडांचं वायरिंग नवं करून द्यावं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतो, त्याने नाही केली तर नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो आणि भाड्यातून ठरावीक हिस्सा वळता करू शकतो. पण वर्षाचं सगळं भाडंच सहाशे रुपये असेल तर त्यात तारेचं एक बंडलही येत नाही. कायदा आहे, पैसा नाही, अशी गाठ आहे ती. मात्र एक गोष्ट भाडेकरूंनी लक्षात ठेवावी. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये वीजजोड मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच राहणाऱ्यालाही आहे. म्हणजे स्वतःच्या नावाचं मीटर मागता येतं, मालकाच्या मीटरवरच्या सबमीटरवर जन्म काढायची सक्ती नाही. आणि मालकाने वीज-पाणी विनाकारण तोडलं तर भाडे कायद्याचं कलम २९ आहे. मालकांनीही समजून घ्यावं की नवी तार टाकायला ना हरकत दिली म्हणून भाडेकरूचा हक्क तसूभरही वाढत नाही. जळलेल्या वाड्याची जागा मोकळी होते असा हिशेब कुणी मनात करत असेल, तर त्याने त्या वाड्याला लागून असलेले चार वाडे मोजावेत.

महापालिकेकडे माझी मागणी मोठी नाही. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांची पाहणी होते, कलम २६४ च्या नोटिसा लागतात. तीच यादी घेऊन दिवाळीनंतर एकदा फिरा. भिंतींच्या भेगा बघता तसे मोरीतले गॅस गीझर बघा. नोटीस नको, दंड नको. दंड केला तर लोक तपासणीच्या दिवशी गीझर काढून ठेवतील आणि दुसऱ्या दिवशी लावतील. फक्त मोरीतून काढून बाहेर गॅलरीत किंवा चौकाकडच्या भिंतीला लावायला मदत करा, आत नुसती गरम पाण्याची नळी जाऊ दे. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि ज्या घरी बाहेर जागाच नाही, त्यांना वायरिंगसाठी बिनव्याजी कर्ज किंवा करातून सवलत द्या, सोलरला देता तशी. मालक कर भरतो, भाडेकरू तार टाकतो, मग सवलत कुणाला, हा प्रश्न येईल. दोघांनी मिळून अर्ज करावा, सवलत मालकाला, तार भाडेकरूला. निदान एका कागदावर दोघांच्या सह्या तरी येतील.

हे सगळं होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी मात्र ज्यांच्या मोरीत आतच गॅस गीझर आहे, त्यांनी एवढं कराच. शॉवर वापरू नका. मोरीचं दार सताड उघडं ठेवून बादली भरून घ्या. बादली भरली की गीझर बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. दोन-चार मिनिटं दार तसंच उघडं राहू द्या, मग आत जाऊन दार लावा आणि आंघोळ करा. एकामागोमाग एक जाऊ नका. सिलिंडर मोरीत किंवा मोरीच्या उतारावर ठेवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून निश्चिंत होऊ नका, आत हवा यायला खालून जाळी नसेल तर पंखा बाहेर काढणार काय? घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना सांगा, आतून कडी लावायची नाही. आणि कुणी आत गप्प झालं तर आधी दार तोडा, त्यांना ओढून उघड्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. त्यांना शुद्धीवर आणायला आत बसू नका.